रोज गुरुवार

गुरुवार.
पुंडलिकराव चालत होते. काठी नाही, कुणाचा हात नाही. वर्ध्याच्या भर बाजारातून थेट स्वतःच्या कापड दुकानाकडे. समोरच्या किराणावाल्या बंडूजींनी हातच जोडले. "उपासाचं फळ हाय हे!"

शुक्रवार.
पाय जमिनीला खिळलेले. सदऱ्याचं बटण बोटांना सापडेना. कंपवात. सुलोचनाबाईंनी नवऱ्याला गोळी दिली, नेहमीसारखी, पेलाभर म्हशीच्या दुधासोबत. कडक औषध, पोटात आधार नको?

शनिवार. तेच. रविवार. तेच.

पुन्हा गुरुवार. पुंडलिकरावांचा उपास कडक, दिवस मावळेपर्यंत फक्त पाणी. गोळीही पाण्यासोबतच. आणि पुंडलिकराव गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवताहेत!

त्यांनी ठरवून टाकलं.

इथून पुढे वारांना नावं नाहीत. सगळेच गुरुवार. गाल आत गेले. धोतर कमरेवर ठरेना.

"अहो, चार घास तं खा. मराचं हाय काय?"

"खाल्लं का खाटेवर. उपाशी राह्यलो तं दुकानात. तूच सांग, काय करू?"

डॉक्टरांनी तरी यांना रागवावं म्हणून सुलोचनाबाई नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "गोळी कशासोबत देता?"

"दुधासोबत. साईसकट!"

"आणि उपासाला?"

"नुसत्या पाण्यासोबत."

"मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं, म्हणून यांचे पाय अडतात. ही गोळी मेंदूत पोचली की तिचंच डोपामिन होतं. पण तिचं आत जायचं दार आणि दूध-वरणातल्या प्रथिनांचं दार एकच. प्रथिनांची गर्दी आत घुसते, गोळी बाहेर उभी. उपास सोडा. गोळी आधी, नुसत्या पाण्यासोबत. तासाभरानं काय हवं ते वाढा."

मंगळवार.
दुकानाच्या पायऱ्या पुंडलिकराव एका दमात चढले. मागून सुलोचनाबाई धापा टाकत आल्या. बंडूजी गल्ला सोडून धावले.

"पुंडलिकराव, आज तं मंगळवार! आज बी उपास?"

पुंडलिकरावांनी खणखणीत ढेकर दिली.

"नाई, बंडूजी. जेवून आलो."