मास्तरची उडी

तिसऱ्या टेकलाही मास्तरने उडी मारली नाही. पुढचे दोन पाय खुर्चीवर ठेवले, टेबलाकडे पाहिलं आणि पाय मुकाट्याने खाली घेतले.

"आज त्याचं लक्ष नाहीये," ट्रेनरबाई घाईघाईने म्हणाली. "दिवे फार आहेत ना."

दिवे रोजचेच होते. दिग्दर्शकाने घड्याळात पाहिलं. वयाने पोरसवदा, पण ही सवय आतापासूनच लागलेली.

मास्तर म्हणजे तपकिरी रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा. मुलांच्या धमाल सिनेमांत घरात शिरलेला चोर पकडायचं काम त्याचं. चोरही दरवेळी तोच, गोल पोटाचा आणि बारीक मिशांचा. पडद्यावर तो इतक्या वेळा पडला होता की पोरं त्याला धप्पूकाका म्हणत आणि सेटवरही आता दुसरं नाव कुणाला आठवत नव्हतं. नऊ सिनेमे या कुत्र्याने या माणसाला पाडलं होतं.

आजचं काम नेहमीचंच. स्वयंपाकघरातून चोर गाठोडं घेऊन चवड्यांवर निघतो. मास्तर खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून थेट त्याच्या छातीवर. चोर उताणा, पिठाच्या पिंपासकट. मग मास्तरने त्याच्या पोटावर ठाण मांडायचं.

"बाई, शेवटचा टेक," दिग्दर्शक म्हणाला. "नाही जमलं तर गाडीत दुसरा कुत्रा आहे. मग पुढचा सगळा सिनेमा त्याच्यावरच करू. पोस्टरसुद्धा."

"जमेल," ती म्हणाली आणि मास्तरला पडद्याआड घेऊन गेली.

धप्पूकाका गाठोड्याची गाठ आवळत तिथेच उभा होता. पडद्याच्या फटीतून त्याला दिसलं, बाई खाली बसून मास्तरचा मागचा पाय दोन्ही हातांनी चोळत होती. पाय थरथरत होता. मास्तर कुरकुरत नव्हता, नुसता तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा होता.

काकाने नजर वळवली. जिना चढताना त्याचाही गुडघा असाच थरथरायचा. कुणी बघत नाही ना, हे तोही आधी पाहून घ्यायचा.

"ॲक्शन."

चोर चवड्यांवर निघाला. मास्तर खुर्चीजवळ आला. पुढचे पाय वर गेले आणि तिथेच अडले.

तेवढ्यात चोराचा पाय गाठोड्याच्या टोकात अडकला. सावरायला त्याने टेबलक्लॉथ धरला, तर टेबलावरची भांडी त्याच्यामागे धावत निघाली. एक पातेलं डोक्यात बसलं. समोरचं दिसेना म्हणून तो उलटा वळला, पिंपावर बसायला गेला आणि पिंपासकट आडवा झाला. पिठाचा ढग उठला. ढग खाली बसला तेव्हा जमिनीवर फक्त एक गोल पोट दिसत होतं.

मास्तरने खुर्चीवरचे पाय काढून घेतले. चोर आडवा झाला की काय करायचं, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. निवृत्त झालेला माणूस बागेत फिरायला निघावा तसा तो टेबलाला वळसा घालून आला, पातेलं हुंगलं, पोटावर चढला आणि बसला. मग त्याने मोठी जांभई दिली.

कॅमेरामनचे खांदे हलायला लागले. लाइटवाले हसले, मेकअपवाली हसली. दिग्दर्शक 'कट' म्हणायचंच विसरला.

"हे असं ठरलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"पाय घसरला, साहेब," पातेल्यातून आवाज आला. "चूक माझी. परत करू या का?"

दिग्दर्शकाने मॉनिटरवर तो शॉट दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना त्यालाही हसू आवरेना. "नको. हेच मस्त आहे. कुत्र्याने नुसतं बघितलं की चोर पडतो. पुढचे सगळे शॉट असेच घेऊ. उड्या काढून टाका." मग त्याने सहायकाला गाडीतला कुत्रा परत पाठवायला सांगितलं आणि जेवणाची सुट्टी दिली.

ट्रेनरबाईने येऊन पातेलं काढलं. काकाच्या पापण्यांवर पीठ होतं आणि कोपर चांगलंच सुजलं होतं.

"काका, पाय खरंच घसरला?"

"पोरी, तीस वर्षं पडतोय मी. चुकून एकदाही नाही."

ती त्याच्या गालावरचं पीठ ओढणीने पुसत राहिली.

खिशातला फोन वाजला. काकाचे हात पोटाच्या दोन बाजूंना तसेच पडून होते, म्हणून तिनेच तो काढून त्याच्या कानाशी धरला. पलीकडे काकू होत्या. दुपारचा फोन त्यांचा ठरलेला.

"आज किती वेळा?"

"एकदाच."

"लागलं?"

"नाही गं. पीठ होतं खाली."

"खोटं बोलू नका. आवाज झोपल्यासारखा येतोय."

"झोपलोच आहे. जेवून घे तू."

बाईने फोन ठेवला आणि मास्तरला उतरवायला हात पुढे केला. काकाने मान हलवली.

"राहू दे. त्याचा डोळा लागलाय."

"तुमचं जेवण?"

"आण इकडेच. नाहीतर थोड्या वेळाने बघू."

दिवे एकेक करून विझले. माणसं त्यांना वळसा घालून, आवाज न करता बाहेर गेली. पिठात उताणा पडलेला चोर छताकडे बघत होता आणि पोट फार हलू नये म्हणून श्वास अगदी जपून घेत होता.