कडेचे तीन मिलिमीटर

"ताई, लग्नपत्रिका नाही, कातडी छापतोय आपण!" डॉक्टर तांबोळी हसले.

हेमलताताई मात्र बटण दाबूच देईनात. वीस वर्षं छापखान्यात त्यांनी छपाईआधी फायली तपासल्या होत्या, आता इस्पितळात तेच काम. नऊ वर्षांच्या गार्गीच्या भाजलेल्या तळहातासाठी तिच्याच पेशींची शाई तयार होती, पण पुरणार होती एकदाच. आणि कॉम्प्युटरने माप घेतलं होतं अगदी जखमेएवढं!

"कडेला तीन मिलिमीटर जास्त सोडा. जास्तीचं कापता येतं, कमी पडलं तर काय जोडणार?"

तीन मिलिमीटर जास्त सोडून छापलेली कातडी हातावर ठेवताच चक्क आकसली आणि जखमेच्या कडांना बरोब्बर जाऊन भिडली.

डॉक्टर ताईंकडे वळले. "ताई, उद्यापासून तुम्ही हो म्हटल्याशिवाय इथे काही छापायचं नाही."

"उद्यापासून कशाला?" ताई म्हणाल्या. "आजपासूनच!"