समुद्राच्या दिवसाची गाठ

“अगं, हे काय करून ठेवलंस!” सिद्रामप्पांनी तिसऱ्या दिवसाची गाठ सोडली अन् कपाळावर हात मारून घेतला.

पाथरीतल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर जुन्या लुगड्याचे आठ तुकडे मांडले होते. मुंबईचे आठ दिवस, आठ गाठी. बायकोला, मल्लम्माला, लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून एकेका दिवसाचा खर्च एकेका गाठीत. रोज दोन रुपये. सहाव्या गाठीत मात्र एकच. तो समुद्राचा दिवस. “त्या दिशी खोलीचं भाडं तेवढं द्यायचं,” ती म्हणाली होती, “अन् दिवसभर पाण्याकडं बघत बसायचं. बघायला काय पैसे पडतेत?”

अकरा वर्षं ती समुद्र समुद्र करत होती. अकरा वर्षं सिद्रामप्पांचं एकच पालुपद, “पुढच्या साली जाऊ.” कधी लग्नसराई आडवी आली, कधी नवा माल. माणूस वाईट नव्हता हो, पण कापडाचं दुकान सुटता सुटेना. यंदा मात्र त्यांनी मनावर घेतलं. काल गल्ला तिच्यापुढं ओतला आणि म्हणाले, “यातले कळदार तेवढे निवड, अन् गाठी बांध.” निजामाचा हाली रुपया मनमाडपर्यंतच. पुढं इंग्रजांचा मुलूख, तिथं कळदारच लागायचा. निवडायला अवघड ते काय? हालीवर चारमिनार, कळदारावर राजाचं तोंड. शेंबडं पोरही सांगेल.

आणि गाठींत निम्मे हाली!

“लक्ष कुठं होतं तुझं? परमुलखात उपाशी मारतीस का?” ते बोलतच सुटले. मल्लम्मा खाली मान घालून बसली होती. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई, आज उलट एक शब्द नाही. सिद्रामप्पा चपापले. त्यांनी एक रुपया तिच्या तळहातावर ठेवला.

“हे काय हाय, सांग बरं.”

तिनं रुपयाकडं पाहिलंच नाही. अंगठ्यानं चाचपला, पुन्हा चाचपला. “राजा हाय जणू,” ती हळूच म्हणाली.

चारमिनार होता. आणि ओसरीवर भर दुपारचं ऊन होतं.

सिद्रामप्पांनी तिचा चेहरा उजेडाकडं वळवला. “कवापासून?”

“दिवाळीपासून धूसर व्हतं. संक्रांतीपासून कायबी न्हाई. तुमी इतक्या हौसेनं निघालाव, म्हणून बोलले न्हाई.”

चार महिने ती भिंत धरून चालत होती. दुकानातून मान वर केली असती तर त्यांना दिसलं असतं. त्यांना रडू कोसळलं. ते भराभर गाठी बांधू लागले. “ऊठ. आजच्या गाडीनं निघू. कळदार मी कुठूनबी आणतो. ऊठ तू.”

मल्लम्मानं चाचपत त्यांचा हात धरला.

“घाई कशाला करताव? पुढच्या साली जाऊ की. आता कवाबी गेलं तरी मला तेवढंच दिसंल.”