रिकामा रकाना

मारकुट्या नवऱ्याला थांगपत्ता लागू नये म्हणून वृंदानं कुडाळच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःची इंटरनेट फोनसेवा बसवली. नंबर लपवला. पण आई अनोळखी फोन उचलत नाही, म्हणून ‘दिसणारं नाव’ या रकान्यात तिनं स्वतःचं नाव भरलं. शेजारी ‘ठिकाण’ होतं. तिचा जन्म गेला तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज भरण्यात. रिकामा रकाना म्हणजे अर्ज बाद. तिनं ‘कुडाळ’ लिहून टाकलं आणि आईला फोन लावला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“आई?”

“सासूबाई इथंच बसल्यात, गप्प,” नवऱ्याचा आवाज. “फोनवर कुडाळ दिसतंय. कुडाळात कुठं गं?”

वृंदानं वायर उपटली.

मग तिच्या ध्यानात आलं, आता तो हेच आईला विचारणार. आणि आईला खरंच ठाऊक नाही.

तिनं वायर पुन्हा खोचली आणि आईचा नंबर लावला.