पट्टी सरकेपर्यंत

रविवारी दुपारचं जेवण उरकलं की निवृत्त गणित शिक्षक वसंतराव लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करत आणि मुलाने, ईशानने, शिकायला म्हणून बसवून दिलेली प्रोग्रामिंगची भाषा स्वतःच्या हाताने संगणकातून काढून टाकत. मग बंगलोरला त्याला फोन.

"ईशान, पुन्हा बिघडलं रे."

"बाबा, मागच्या रविवारी तर चालून राहिलं होतं. काही पुसलं काय तुमी?"

"मी कायले पुसू?"

ईशान एकेक ओळ सांगे. इकडे जठारपेठेतल्या घरात वसंतराव ती सावकाश टाइप करत. मग डाउनलोडची पट्टी सरकत राही, आणि तेवढा वेळ दोघांनाही दुसरं काम नसे, म्हणून ते बोलत. त्याचं ऑफिस, यांचे गुडघे, त्याची आई गेल्यापासून बिघडत आलेली भाजी. नेट हळू चाललं की वसंतरावांना बरं वाटे.

एकदा ईशान म्हणाला, "एक फाइल पाठवली आहे. ती चालवली की सगळं आपोआप बसते. आता मले फोन करायची गरजच नाही पडणार."

"बरं झालं," वसंतराव म्हणाले. "तुया रविवार वाचला."

पुढच्या रविवारी त्यांनी सवयीने सगळं काढून टाकलं आणि ती फाइल चालवली. पट्टी भराभर सरकली. शेवटी ईशानने आत लिहून ठेवलेली ओळ उमटली.

झालं, बाबा. जेवले काय?

वसंतरावांनी एकेक अक्षर शोधत खाली टाइप केलं.

हो, जेवलो. तू?

अशी कोणतीही आज्ञा सापडली नाही, असं संगणकाने कळवलं.