वर्षभराने केलेला फोन

पोस्टातून घरी आल्यावर चपलाही न काढता विश्रामने सावंतवाडीला फोन लावला. त्याची बायको सुलभा वर्षापूर्वी घर सोडून तिथे बहिणीकडे राहायला गेली होती. ती गेली त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नव्हता.

"आज वर्ष झालं," तो म्हणाला. "रोज पहाटे चालायला जातो. स्वयंपाक माझा मीच करतो, माशाचं कालवणसुद्धा जमतं. शेजारीही आता बोलतात माझ्याशी."

"कळलं मला. बरं केलंत."

"मग येशील परत?"

"तुम्ही बदललात, त्याचा मला खरंच आनंद आहे. पण इथे मला शांत झोप लागते हो. दाराची कडी वाजली तरी छातीत धडधडत नाही. मी नाही येणार."

पूर्वी त्याने फोन आपटला असता. आता त्याने विचारलं, "गुडघा कसा आहे तुझा?"

सुलभा जरा अडखळली. मग गुडघ्याचं, शिवणाच्या क्लासचं, बहिणीच्या नातीचं असं बरंच काही सांगत बसली. विश्राम मध्ये एकदाही बोलला नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तिचं बोलणं तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत होता.

फोन ठेवून तो थोडा वेळ ओट्याशी नुसताच उभा राहिला. मग त्याने एकट्याचं ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसला.