चिमीची पहिली दाद

बाप गाऊ लागला की घरातल्या सगळ्यांना एकदम बाहेरची कामं आठवायची. जन्मतः बहिरी चिमी तेवढी मांडीवर बसून राहायची, त्याच्या गळ्यावर तळवा ठेवून थरथर चाचपत. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी एका विषाणूतला उपद्रवी भाग काढून टाकला, त्याच्यात जनुक दुरुस्तीची अवजारं भरली आणि त्याला चिमीच्या कानातल्या पेशींमध्ये धाडलं. तरी पोर कुठल्याच आवाजाला वळून पाहत नव्हती. आज बापाने नेहमीसारखा सूर लावला. चिमीचा तळवा गळ्यावर आला, थबकला, मग वर सरकून तोंडावर घट्ट बसला. बाप चमकला. तिला खाली बसवून तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि पुन्हा गायला. चिमीने कपाळाला आठ्या घालून दोन्ही कान गच्च झाकले. बाप गाता गाता मधेच थांबला. लग्नापासून रोज ‘पुरे करा’ म्हणणारी आई दारातून डोळे पुसत म्हणाली, “थांबलात कशाला? गा की.”